चौकटी कंसातला पत्ता

नेक्स्टफ्लो हे साधन बार्सिलोनाच्या सेंटर फॉर जीनोमिक रेग्युलेशनमध्ये पाओलो दी तोमासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. जनुकीय विश्लेषणाच्या असंख्य पायऱ्या लॅपटॉपवर, संगणकांच्या क्लस्टरवर किंवा क्लाउडवर ओळीने चालवून घेणं हे त्याचं काम. ते चालू असताना टर्मिनलवर मोजक्याच ओळी उमटतात. त्या सावकाश वाचाव्यात.

आधी स्थापना पाहा. यंत्रावर बॅश आणि जावा असलं, की ‘कर्ल’ची एक आज्ञा पुरते आणि चालू फोल्डरमध्ये एक फाइल येऊन बसते. बाकीचा पसारा घरच्या फोल्डरातल्या ‘.नेक्स्टफ्लो’मध्ये राहतो. प्रशासकाची परवानगी लागत नाही. विद्यापीठाच्या सामायिक क्लस्टरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे केवढं मोलाचं आहे, ते त्यालाच ठाऊक!

मग ‘नेक्स्टफ्लो रन हॅलो’. गिटहबवरून नमुना आपोआप उतरतो आणि बोंजूर, चाओ, हॅलो, ओला असे चार नमस्कार छापले जातात. हीच आज्ञा पुन्हा द्या, क्रम बदललेला दिसू शकतो. चारही कामं एकमेकांसाठी न थांबता समांतर धावतात. ज्याचं आधी उरकलं ते आधी बोललं. समांतर गणनेचा पहिला धडा इतक्या लोभस रीतीने क्वचितच कुणी दिला असेल.

प्रत्येक धावेला नावही मिळतं: एक विशेषण आणि एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा तंत्रज्ञाचं आडनाव, उदाहरणार्थ ‘गूफी_टॉरवाल्ड्स’. तारीख-वेळेच्या आकड्यांपेक्षा हे जिभेवर चटकन बसतं.

पण खरी कारागिरी प्रत्येक पायरीच्या आधी येणाऱ्या चौकटी कंसात आहे. आत दोन अक्षरं, तिरपी रेघ, पुढे सहा अक्षरं. नजर त्यावरून सहज घसरते. ही १२८ बिटांच्या हॅशची सुरुवात आहे. त्या कामाची आज्ञावली, त्याला दिलेली माहिती अशा गोष्टींपासून तो हॅश बनतो. आणि तोच त्या कामाच्या फोल्डरचा पत्ताही आहे. ‘वर्क’ नावाच्या फोल्डरात जाऊन त्या अक्षरांचा माग काढा: ‘.कमांड.एसएच’मध्ये नेमकी कोणती आज्ञा चालली ते, ‘.कमांड.ईआरआर’मध्ये तिची तक्रार, ‘.एक्झिटकोड’मध्ये शेवटचा निकाल. आठ अक्षरांत ओळखही आणि वाटही! डिस्क भरत जाते खरी, पण एवढ्या पारदर्शकतेसाठी मला ती किंमत रास्त वाटते.

झालेलं काम पुन्हा न करता पुढे चालवण्याचा ‘-रिझ्यूम’ हा पर्याय याच हॅशवर उभा आहे. तीन पायऱ्यांपैकी शेवटची बदलून, तो पर्याय देऊन पुन्हा चालवा. पहिल्या दोन ‘कॅश्ड’ म्हणून क्षणात पुढे सरकतात. इथला एकेरी डॅशही पाहण्यासारखा आहे. एक डॅश असला तर सूचना नेक्स्टफ्लोला, दोन असले तर आपल्या कार्यप्रवाहाला. दोघांची नावं एकमेकांत कधी गुंतत नाहीत.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर जाताना विश्लेषणाच्या ओळींना हात लागत नाही. कॉन्फिगमध्ये एक्झिक्युटर म्हणून ‘एडब्ल्यूएसबॅच’, त्याची रांग आणि पायरीचा कंटेनर नोंदवायचा. कामाचा फोल्डर तिथल्या एस-थ्री या साठवणीच्या बकेटमध्ये न्यायचा. काय करायचं आणि कुठे करायचं यांची इतकी स्वच्छ फारकत मी फार थोड्या साधनांत पाहिली आहे.

आणि काम फसलं तर? चाललेली आज्ञा, तिचा निकाल, तिचं म्हणणं आणि शेवटी फोल्डरचा पूर्ण पत्ता, असं सगळं क्रमाने पुढे येतं. कधी खाली एक सूचनाही असते: त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘बॅश .कमांड.रन’ म्हणा, म्हणजे तीच चूक तुमच्यासमोर पुन्हा घडेल.