‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ : एका अर्जीचे परीक्षण

चित्रपटाचे परीक्षण कायद्याच्या दृष्टीने करू नये असा एक संकेत रूढ आहे, व सामान्यतः तो योग्यच होय. कलाकृतीला पुराव्याचा कायदा लागू नसतो. परंतु जी कलाकृती आपल्या नावातच एका बाजूस वादी व दुसऱ्या बाजूस प्रतिवादी उभा करते, आणि हकीकत खरी घडलेली असल्याचे सांगून प्रेक्षकांपाशी निकाल मागते, तिला दोन्ही पक्षांचे म्हणणे मांडले आहे काय, एवढे विचारण्याचा अधिकार परीक्षकास पोहोचतो. आशिमा छिब्बर यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा हिंदी चित्रपट १७ मार्च २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील भूमिकेबद्दल राणी मुखर्जी यांस २०२५ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. चित्रपट जुना होऊ लागला, तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या समाजात ज्या घरचा मुलगा वा सून परदेशी नाही अशी घरे आता थोडी. आणि त्या परदेशातील बिऱ्हाडात दोन-अडीच वर्षांचे मूल असले, तर इकडच्या आजी-आजोबांचा अर्धा जीव तिकडेच असतो. म्हणून या चित्रपटाचा विचार थोडा सावकाशीने करावा असे आम्हांस वाटते.

मूळ हकीकत अशी. नॉर्वेतील स्टाव्हांगर या शहरी राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन मुले – मुलगा नुकता धावू-बोलू लागलेला, मुलगी अवघ्या काही महिन्यांची – मे २०११ मध्ये तेथील बालकल्याण यंत्रणेने आपल्या ताब्यात घेतली. प्रकरण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत गेले. एप्रिल २०१२ मध्ये मुले भारतात आली, परंतु आईकडे नव्हे, तर त्यांच्या काकांच्या स्वाधीन. आईस ती मिळाली जानेवारी २०१३ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने. ती आई, सागरिका चक्रवर्ती, यांनी आपली कहाणी पुढे २०२२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, व तिच्यावरून हा चित्रपट रचला गेला. चित्रपटात नावे बदलली आहेत. आई तेथे देबिका चॅटर्जी होते.

चित्रपटाचा पहिलाच प्रसंग जिवाला चटका लावणारा आहे. घरी नित्य येऊन पाहणी करणाऱ्या दोन स्त्रिया तान्ह्या मुलीला उचलून मोटारीत घालतात, आणि आई त्या मोटारीमागे धावत सुटते. काय घडत आहे याचा उलगडा प्रेक्षकास होण्यापूर्वीच त्याचे मन आईच्या पक्षाला मिळालेले असते. दिग्दर्शिकेचे हे कसब मान्य केले पाहिजे. पण निकाल आधी आणि सुनावणी मागाहून, ही या चित्रपटाची रीत येथेच ठरून जाते.

राणी मुखर्जी यांचा अभिनय उंच पट्टीतला आहे, व पुष्कळ ठिकाणी ती पट्टी त्यांस नडते. तथापि एका गोष्टीत त्यांनी अचूक नेम साधला आहे, ती गोष्ट म्हणजे भाषा. देबिका घाबरली की बंगालीत बोलते, रागावली की मोडक्या इंग्रजीत, आणि नॉर्वेजियन भाषेचा भोवती चाललेला व्यवहार तिच्या डोक्यावरून जातो. ज्या बाईला स्वतःच्या घरात सुगरण, बोलकी व हुशार म्हणून मान असतो, तीच बाई कचेरीच्या टेबलासमोर मुकी, उर्मट किंवा वेडसर दिसू लागते. माणूस तेच, परंतु भाषा गेली की त्याची योग्यताही गेल्यासारखी होते. परक्या मुलखात स्थायिक होणाऱ्या आमच्या स्त्रियांचे हे दुःख पडद्यावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल. न्यायालयात वावरणाऱ्या कोणासही हे पटेल, की अशिलाचे निम्मे प्रकरण त्याला बोलता येते की नाही यावरच ठरत असते.

आता दोषाकडे वळू. मुले का नेली, याची कारणे चित्रपट जी सांगतो ती बहुतेक सारी हास्यास्पद वाटावीत अशीच निवडली आहेत : आई हाताने भरवते, मुले आईबापांच्या बिछान्यात निजतात, कपाळी काजळाची तीट लावली जाते. हे ऐकताच प्रत्येक भारतीय प्रेक्षकाचे रक्त तापते, आणि ते तापावे अशीच योजना आहे. गोव्यातील घरी पेज किंवा शीत-कडी, बेळगावास मऊ भात व तूप, इंदूर-बडोद्यास वरण-भात, हैदराबादेस खिचडी – पदार्थ बदलेल, पण चिऊचा घास व काऊचा घास करीत बोटांनी भरवण्याची रीत बदलत नाही. हा गुन्हा असेल तर आपण सारे वंशपरंपरेने गुन्हेगार ठरू! परंतु नॉर्वेचे त्या वेळचे राजदूत हान्स याकोब फ्रायडनलुंड यांनी मार्च २०२३ मध्येच वृत्तपत्रात लेख लिहून सांगितले, की हाताने भरवणे किंवा एका बिछान्यात निजणे या कारणांवरून मुले कधीही काढून घेतली जात नाहीत. आणि गोपनीयतेच्या नियमामुळे त्या विशिष्ट प्रकरणाच्या तपशिलावर शासनास बोलता येत नाही. आईने या खुलाशाचा जाहीर इन्कार केला. खरे काय याचा निवाडा आम्ही येथे बसून करू शकत नाही. तो करण्यास लागणारे कागद बंद आहेत. मात्र परीक्षक म्हणून एवढे निश्चित म्हणता येईल, की हा चित्रपट म्हणजे वादीची अर्जी आहे, प्रतिवादीची कैफियत त्यात नाही. अर्जी प्रामाणिक असू शकते, हृदयस्पर्शीही असू शकते. पण केवळ अर्जी वाचून हुकूमनामा देत नाहीत.

चित्रपटाने दुसऱ्या पक्षास थोडे बोलू दिले असते तर नाट्य कमी न होता वाढलेच असते. नॉर्वेत १९८७ पासून आईबापांनीही मुलास मारण्यास कायद्याने स्पष्ट बंदी आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार त्या देशाने २००३ साली आपल्या कायद्यातच अंतर्भूत केला. मूल ही आईबापांची मालमत्ता नसून ते स्वतंत्र हक्क असलेले माणूस आहे, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे, आणि ते तुच्छ लेखण्याजोगे नाही. या तत्त्वाचा अंमल कधी कठोरपणे व आंधळेपणाने होतो, हेही तितकेच खरे. स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १० सप्टेंबर २०१९ रोजी स्ट्रांड लोबेन प्रकरणी नॉर्वेविरुद्ध निर्णय देऊन, कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरविले. ती आई नॉर्वेतीलच होती. म्हणजे ही तक्रार केवळ काळ्या-गोऱ्यांची किंवा पूर्व-पश्चिमेची नव्हे; शासनाचा हात घराच्या उंबरठ्याच्या आत कोठवर यावा, हा तो प्रश्न आहे, आणि तो नॉर्वेतील मातांसही पडलेला आहे. हे दाखविले असते तर देबिकाचे दुःख एका जमातीचे न राहता मातृत्वाचे झाले असते. चित्रपटाने त्याऐवजी सोपा मार्ग पत्करला, व परदेशी अधिकाऱ्यांस कपटी आणि लोभी खलपुरुष करून टाकले.

आपल्या लोकांनी हा चित्रपट पाहून ‘आमच्याकडे असे नाही’ म्हणून समाधान मानले, ते तर सर्वस्वी अज्ञानमूलक होय. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. त्याअन्वये जिल्ह्याजिल्ह्यांत बाल कल्याण समित्या असून काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकास ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांस आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या तेराव्या कलमाने अज्ञान मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार ठरविला. सर्वोच्च न्यायालयानेही १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात, मुले ही आईबापांची चीजवस्तू नव्हेत, अशा आशयाचे मत नोंदविले. तत्त्व उभयतांचे एकच आहे. फरक आहे तो अंमलाचा, आणि त्याहून अधिक घराच्या भोवतीच्या माणसांचा.

या अखेरच्या मुद्द्यावरच, आमच्या मते, चित्रपट नकळत फार खोल जातो. देबिकाच्या घरी कोण आहे? दिवसभर बाहेर असणारा, नागरिकत्वावर डोळा ठेवून बसलेला, घरकामास हात न लावणारा व प्रसंगी हात उगारणारा नवरा. एक हट्टी वयातले पोर, एक तान्हे पोर, आणि खिडकीबाहेर बर्फ. एवढे ओझे आपल्या घरांत एकट्या आईवर कधीच टाकलेले नसते. मूल रडले तर आजी उचलते, शेजारीण घटकाभर सांभाळते, मावशी न्हाऊ घालते. आईला डोळा लागतो. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तेच मूल दहा मांड्यांवरून फिरते, आणि आईचा चेहरा ओढलेला दिसला तर कोणीतरी वडीलधारी बाई ‘काय गे, बरे नाही का?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही. ही आपली बालकल्याण समितीच होय. तिची नोंदवही नाही इतकेच. परदेशी बिऱ्हाडात हे सारे हात एकदम नाहीसे होतात, आणि त्या रिकाम्या जागी शासनाचा अनोळखी हात येतो. तो हात आला म्हणून चित्रपट रडतो. जागा रिकामी का झाली हे मात्र तो ओझरते दाखवून पुढे जातो.

उत्तरार्धातील कलकत्त्याचा भाग म्हणूनच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. परक्यांनी नेलेली मुले स्वदेशी परत येतात, आणि आपलेच लोक त्यांस आईपासून दूर ठेवतात! सासरची माणसे, रीतभात, कुळाचे नाव, सुनेच्या मनःस्वास्थ्यावर घेतलेला संशय – नॉर्वेच्या कचेरीत जे आरोप परक्या भाषेत झाले, तेच येथे मातृभाषेत होतात. नाव ‘व्हर्सेस नॉर्वे’ असले तरी अखेरचा दावा स्वकीयांविरुद्धचा आहे, आणि जी मुले परराज्याच्या कचेरीत मिळाली नाहीत ती या दाव्यात मिळतात. टाळ्या पूर्वार्धाला पडतात; विचार करण्याजोगा आहे तो हा उत्तरार्ध. कायद्याने पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे १९५६ सालीच म्हटले आहे. तरी तो मिळविण्यास तिला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यात आपल्या घरांचे काय दर्शन घडते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

एकंदर मत असे : कला म्हणून चित्रपट मध्यम आहे, वकिली म्हणून एकांगी आहे, परंतु साक्ष म्हणून तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत त्यांनी तो अवश्य पाहावा, मात्र परक्यांस शिव्या देण्यासाठी नव्हे. तेथील कायदा काय म्हणतो हे जाण्यापूर्वी समजून घ्यावे. पाहणीस आलेल्याशी कसे बोलावे, दुभाषी व वकील मागण्याचा आपला हक्क कोणता, हे सुनेस आणि मुलास दोघांसही ठाऊक असावे. आणि फोनवर नातवाचे मुखदर्शन झाले, की तो फोन क्षणभर सुनेच्या हाती द्यावा, व तिची झोप होते काय, तिच्या मदतीस कोणी आहे काय, हे तिला विचारावे. चित्रपटातील देबिकेस हे विचारणारे कोणी नव्हते.