आधी कापड, मग आरेखन

इटालियन फॅशनला २०२५ साल जड गेले. एप्रिलमध्ये प्राडाने व्हर्साचे हे घराणे सव्वा अब्ज युरोंना विकत घेण्याचा करार केला. जुलैमध्ये मिलानच्या न्यायालयाने लोरो पियाना या उंची लोकरीच्या कंपनीवर वर्षभरासाठी प्रशासक नेमला. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत मजुरांची पिळवणूक होत होती आणि कंपनीने तिकडे लक्ष ठेवले नाही, असा ठपका होता. ४ सप्टेंबरला जॉर्जो आर्मानी वयाच्या ९१ व्या वर्षी गेले.

या तीन बातम्या वर्तमानपत्रांच्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. मला त्या एकाच गोष्टीच्या वाटतात. गेल्या शतकात इटलीने फॅशनमध्ये जे कमावले, ते माग, चामडे, सुई आणि आरेखक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे. ते अंतर आता वाढते आहे. घराण्यांची नावे पूर्वीपेक्षा मोठी झाली, दुकाने जगभर पोचली. पण कपडा ज्याच्या हातून शिवला जातो तो माणूस आरेखकाच्या ओळखीचा असेलच, अशी खात्री उरलेली नाही.

पॅरिसची फॅशन राजधानीच्या आश्रयाने वाढली. इटली मात्र १८६१ पर्यंत एक देशच नव्हता. तिथे एकच दरबार नव्हता आणि एकच बाजारपेठही नव्हती. प्रत्येक खोऱ्याने आपापली एक गोष्ट धरून ठेवली. आल्प्सच्या पायथ्याशी बिएल्लाने लोकर धरली, कारण तिथल्या ओढ्यांचे पाणी मृदू आहे आणि त्यात लोकर धुतली की तिचा पोत टिकतो. व्हिताले बार्बेरिस कानोनिको या गिरणीच्या घराण्याची नोंद १६६३ पासून सापडते. एर्मेनेजिल्दो झेन्याने त्याच भागातल्या त्रिवेरो गावी १९१० मध्ये गिरणी काढली. कोमो तलावाकाठी रेशीम, ब्रेंता नदीकाठी आणि मार्के प्रांतात जोडे, आर्नो नदीवरच्या सांता क्रोचेला कातडी कमावण्याचे कारखाने, कार्पीला विणलेले कपडे. प्रातोचे तर सगळे आयुष्यच चिंध्यांवर चालत आले. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे तिथले कामगार हाताने चाचपून, रंगांप्रमाणे निवडून वेगळे करतात. मग ते पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो, आणि निवड चोख असेल तर तो नव्याने रंगवावाही लागत नाही. आज ज्याला पुनर्वापर म्हणून मिरवले जाते, ते प्रातोत दीडशे वर्षे पोटापाण्याचे काम होते. याच प्रातोच्या अभ्यासातून जाकोमो बेकात्तिनी या अर्थशास्त्रज्ञाने औद्योगिक परिसराची कल्पना पुढे मांडली: शेकडो लहान कारखाने, प्रत्येकाकडे कामाचा एकच टप्पा, आणि सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे.

इटालियन शैलीच्या इतिहासात सहसा आरेखकांची यादी दिली जाते. माझ्या मते ती दुसऱ्या प्रकरणात यायला हवी. पहिले प्रकरण या खोऱ्यांचे आहे.

त्या यादीतही एक नाव नेहमी गळते. रोझा जेनोनी लहानपणापासून मिलानमध्ये शिवणकाम करत मोठी झाली, पॅरिसच्या कार्यशाळांत राबली आणि समाजवादी चळवळीत उतरली. इटलीच्या शिवणकामगारांनी पॅरिसच्या नमुन्यांची नक्कल का करावी, हा तिचा प्रश्न होता. १९०६ च्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिने पिसानेल्लोच्या रेखाटनावरून एक झगा आणि बोत्तिचेल्लीच्या वसंताच्या चित्रावरून एक पोशाख मांडला, आणि बक्षीसही मिळवले. पुढे हाच विचार फॅसिस्ट राजवटीने पळवला. १९३० च्या दशकात तुरीनमध्ये राष्ट्रीय फॅशन संस्था उभी राहिली. परकी कापडे आणि परके शब्द हद्दपार करण्याचे फर्मान निघाले. त्या हुकमांतून शैली काही जन्मली नाही. त्याच काळातल्या टंचाईतून मात्र ती जन्मली. इथिओपियावरच्या आक्रमणामुळे निर्बंध आले आणि जोड्याच्या कमानीला लागणारे चांगले पोलाद मिळेना, तेव्हा फ्लॉरेन्समध्ये साल्व्हातोरे फेरागामोने सार्डिनियाचे बुचाचे लाकूड टाचेखाली भरले. सलग, भरीव टाच जगाला मिळाली ती अशी. १९४७ मध्ये त्याने मासे पकडायच्या दोऱ्यासारख्या नायलॉनच्या तंतूंतून जवळजवळ अदृश्य पट्ट्यांची सँडल केली. त्याच सुमारास गुच्चीने पिशवीला वाकवलेल्या बांबूची मूठ लावली, कारण युद्धानंतर इतर साहित्य दुर्मीळ होते. हाताशी जे आहे त्याचा स्वभाव ओळखायचा आणि आकार त्यातूनच काढायचा, ही सवय मला इटालियन कामाच्या मुळाशी दिसते.

१२ फेब्रुवारी १९५१ ला जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जीनी या व्यापाऱ्याने फ्लॉरेन्समधल्या आपल्या घरी अमेरिकी खरेदीदारांसाठी प्रदर्शन भरवले. इटालियन फॅशनचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगितली जाते. पुढल्याच वर्षी हे प्रदर्शन पित्ती राजवाड्याच्या पांढऱ्या दालनात गेले. तिथले भरजरी गाऊन बरेचसे पॅरिसच्या सावलीतले होते, हे छायाचित्रे पाहताना जाणवते. फोंताना भगिनींची शिलाई अप्रतिम होती; त्यांनी अमेरिकी नट्यांना नटवले आणि रोमच्या चित्रपटनगरीला झळाळी दिली. पण नवे काही होते ते एमिलियो पुच्चीच्या साध्या विजारींत आणि विणलेल्या स्वेटरांत. कामाला जाणाऱ्या, प्रवास करणाऱ्या, स्वतःच्या हाताने कपडे चढवणाऱ्या बाईसाठी ते होते. अमेरिकेच्या बाजाराने नेमके तेच उचलले.

मिस्सोनी दांपत्याची नागमोडी वीणही अशीच. ओत्ताव्हियो मिस्सोनी १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत धावला होता, आणि खेळाडूंचे लोकरी पोशाख विणणे हा त्याचा आधीचा धंदा. १९५३ मध्ये त्याने आणि रोझिताने गाल्लाराते येथे लहानसा कारखाना काढला. शाली विणायच्या जुन्या राशेल यंत्रांवर त्यांनी रंगांचे प्रयोग केले. यंत्राला जे सहज जमते त्यातून ती वीण आली. बोत्तेगा व्हेनेताची चामड्याची विणलेली पिशवीही अशीच घडली असे सांगतात. व्हिचेंझाच्या भागातली शिलाईयंत्रे कापडासाठी होती, जाड कातडे त्यांना पेलत नव्हते. म्हणून मऊ, पातळ चामड्याच्या पट्ट्या विणून बळकटी आणली.

आता कोटाकडे येतो. इटलीने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे विचारले तर मी शिवलेला, पण न ताठरलेला कोट असे उत्तर देईन.

इंग्रजी कोट अंगाला आकार देतो. आत कॅनव्हास, बकरम, खांद्यांना भर, वर घट्ट अस्तर. माणूस कसाही असो, कोट ताठ उभा राहतो. नेपल्सच्या उकाड्यात हे सोसवणारे नव्हते. १९३० च्या दशकात तिथल्या रुबिनाच्ची यांच्या दुकानात व्हिंचेंझो आत्तोलिनी या शिंप्याने आतला बराच मालमसाला काढून टाकला. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा मोठा ठेवून ती सदऱ्याच्या बाहीसारखी बारीक चुण्या घालत हाताने बसवली. हात वर केला तरी कोट मानेपासून हलत नाही, ते या बेतणीमुळे. ज्यांनी कधी शिंप्याकडे उभे राहून कोटाचे माप दिले आहे त्यांना ठाऊक असेल की आतली भर ही शिंप्याची लपायची जागा असते. बेतण्यातली चूक, कापडाचा झोळ, सगळे तिथे जिरते. ती भर काढली की कात्री आणि कापड उघडी पडतात. म्हणूनच मऊ कोट हा अधिक अवघड कोट आहे.

आर्मानीने हेच काम नेपल्सच्या शिंपीवाड्यातून कारखान्यात आणले. पियाचेंझाचा हा मुलगा वैद्यकीय शिक्षण सोडून मिलानच्या रिनाशेंते दुकानात कामाला लागला. तिथे त्याने दर्शनी खिडक्या सजवल्या, मग १९६४ पासून नीनो चेर्रुतीकडे पुरुषांचे कपडे केले. चेर्रुतीचे घराणे बिएल्लाचे गिरणीवाले. म्हणजे आरेखनाआधी आर्मानी कापड शिकला. १९७५ मध्ये सेर्जो गालेओत्तीबरोबर त्याने स्वतःचे नाव लावले. कोटाचे अस्तर आणि भर त्याने काढली, कॉलरची पाती आणि बटणे खाली आणली, बायकांच्या पोशाखात वापरली जाणारी लोंबती, ओघळती कापडे पुरुषांच्या कोटाला लावली. त्याचा करडा, वाळूसारखा रंग पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९७८ मध्ये तुरीनच्या जीएफटी या मोठ्या वस्त्रोद्योगाशी त्याचा करार झाला आणि हा कोट हजारोंच्या संख्येने शिवला जाऊ लागला. १९८० मध्ये 'अमेरिकन जिगोलो' चित्रपटात रिचर्ड गियरने तो घातला. कचेऱ्यांत वरच्या जागांवर पोचू लागलेल्या बायकांनीही तो उचलला, आणि ती गोष्ट मला चित्रपटापेक्षा महत्त्वाची वाटते. पुरुषी अधिकार आणि अंगाला सुख, दोन्ही एका कपड्यात पहिल्यांदा आले.

आरेखकाने कारखान्यांबरोबर काम करण्याचा हा मार्ग आर्मानीच्या आधी वॉल्टर आल्बिनीने आखला होता, आणि त्याचे श्रेय त्याला फारसे मिळत नाही. १९७१ मध्ये त्याने फ्लॉरेन्स सोडून मिलानमध्ये आपले काम मांडले. निरनिराळे कपडे निरनिराळ्या कारखान्यांचे, पण त्यांच्यामागे नजर एकाच आरेखकाची. आज प्रत्येक घराणे असेच चालते. आल्बिनी १९८३ मध्ये तरुण वयातच गेला. जान्फ्रांको फेर्रे मूळचा वास्तुविशारद. १९७० च्या दशकात एका रेनकोटच्या कंपनीच्या कामासाठी तो दीर्घकाळ भारतात राहिला, आणि इथल्या पोशाखांच्या साधेपणाचे ऋण तो पुढेही मानत असे. त्याचा पांढरा सदरा पाहिला की हे पटते. जान्नी व्हर्साचेबद्दल मी थोडे हात आखडूनच बोलेन. १९८२ मधली त्याची धातूच्या जाळीची वस्त्रे हे खरे संशोधन होते. पुढच्या छापील रेशमाचा गजर मला तितकासा भावत नाही. मिउच्चा प्राडाने १९८० च्या दशकात औद्योगिक वापराच्या काळ्या नायलॉनची पाठपिशवी उंची दुकानात ठेवली. कापडाचा मान त्याच्या किमतीवर ठरत नाही, हे इतक्या ठामपणे दुसऱ्या कोणी सांगितले नव्हते.

आजची स्थिती मात्र चिंतेची आहे. गुच्ची, बोत्तेगा व्हेनेता आणि ब्रियोनी केरिंग या फ्रेंच समूहाकडे, फेंदी, पुच्ची आणि लोरो पियाना एलव्हीएमएचकडे. मालकी परकी आहे याचे मला फार दुःख नाही. गिरणीला भांडवल लागतेच. अडचण वेगाची आहे. घराण्याचा आरेखक दर काही वर्षांनी बदलतो, आलेला माणूस जुन्या संग्रहातून उचलून पहिले काम दाखवतो, आणि गिरणीशी वर्षानुवर्षांचे नाते जुळायच्या आत निघून जातो. आलेस्सांद्रो मिकेलेने २०१५ नंतर गुच्चीत अलंकरणाची मोठी लाट आणली. ती देखणी होती, पण तिच्यात नव्या कापडाचा शोध शोधून सापडत नाही.

आणि मागचे कारखाने? प्रातोत डिसेंबर २०१३ मध्ये एका शिवणकारखान्याला आग लागली. कामगार तिथेच राहत, तिथेच झोपत. सात जण दगावले, सगळे चिनी. २०२४ पासून मिलानच्या न्यायालयाने एकामागून एक नामांकित घराण्यांच्या इटलीतल्या उत्पादन कंपन्यांवर देखरेख बसवली. त्यात आर्मानीची एक कंपनी होती. तिच्यावरची देखरेख पुढे उठली. दिओरच्या प्रकरणात तपासातून समोर आले की दुकानात सुमारे २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीचे मोल ५३ युरो दिले जात होते. कंपनी पुरवठादाराला काम देते, पुरवठादार दुसऱ्याला, तो तिसऱ्याला. शेवटच्या खोलीत रात्रीही यंत्रे चालतात आणि हात वेगाने चालावेत म्हणून त्यांवरची सुरक्षा कवचे काढलेली असतात. बेकात्तिनीने वर्णिलेला परिसर एकमेकांच्या ओळखीवर उभा होता. ही साखळी कुणीच कुणाला ओळखू नये यावर उभी आहे. कपड्याच्या गुणवत्तेवर याचा परिणाम आज दिसत नसेल, पण असे काम करणारा माणूस आपल्या मुलाला हे शिकवणार नाही. पेन्ने गावात ब्रियोनीने १९८५ मध्ये शिंप्यांची शाळा काढली, सोलोमेओत ब्रुनेल्लो कुचिनेल्लीने कारागिरीची. या शाळा मोलाच्या आहेत. सगळ्या देशाची उणीव त्या भरून काढू शकणार नाहीत.

हाच प्रश्न महाराष्ट्रातही येऊन पोचला आहे. रोमची मारिया ग्राझिया क्युरी दिओरची प्रमुख आरेखक असताना मुंबईच्या चाणक्य या कार्यशाळेतून भरतकाम करून घेत असे. मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचे प्रदर्शन झाले तेव्हा ते काम पहिल्यांदा एवढ्या उघडपणे लोकांपुढे आले. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या मंचावर कोल्हापुरी वहाणा आल्या त्या मात्र निनावी. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, खिळ्याविना चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, वेणीचे हातकाम. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन लाभलेली ही कला. इकडून हरकत गेल्यावर प्राडाने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात आली, आणि डिसेंबरमध्ये संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकच्या महामंडळाशी २,००० जोडांचा करार झाला.

फेरागामोच्या देशातल्या कंपनीला चामड्याच्या कामाची किंमत समजावून सांगावी लागावी याचे मला वाईट वाटते, आणि ती समजली याचे समाधानही आहे. त्या जोडांच्या तळव्यावर ज्या गावात ते शिवले गेले त्याचे आणि शिवणाऱ्याचे नाव उमटवायला भरपूर जागा आहे. प्राडाने ते उमटवावे, आणि मग तस्कनीत शिवल्या जाणाऱ्या आपल्या पिशव्यांनाही तोच नियम लावावा.