तिथीची पाऊणपट

सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयीन भटक्यांना चढायला गड कमी नाहीत. रांगणा आहे, आग्र्याहून सुटून आल्यावर 1667 साली शिवाजी महाराज जिथे मुक्कामाला होते, तो मनोहरगड आहे. मुंबईत 1954 साली ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या हायकिंगचा बाज गड-सुळक्यांनीच ठरवला. असं असताना कुडाळकडच्या विद्यार्थ्यांचा एक गट वालावलला निघाला. तिथे सर करायला काहीच नाही. ही निवडच मला चोखंदळ वाटली, म्हणून मीही बरोबर गेलो.

एस.टी. थेट देवळाशी नेऊन सोडते, पण ही मंडळी अलीकडे नेरूरलाच उतरली. रांगेत सर्वांत पुढे पहिल्या वर्षाची एक मुलगी, गटातली सर्वांत हळू चालणारी. वाट माहीत असलेला म्होरक्या मात्र अगदी शेवटी. जाणकार पुढे असला की रांग ताणत जाते आणि मागचे धापा टाकत नुसत्या टाचा बघतात. इथे तिची चाल हीच सर्वांची लय झाली, आणि तिला कुणी हे सांगितलंसुद्धा नाही.

सड्यावर बैठक मारली ती दमल्यामुळे नव्हे. भाद्रपद सरत आला होता. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं अजून जांभळी फुललेली, त्यांच्यालगत तांबूस केसांवर चिकट थेंब धरलेला दवबिंदू. दोन्ही झाडं कीटकभक्षी. म्होरक्याने व्याख्यान दिलं नाही, फक्त भिंग पुढच्याच्या हातात दिलं. भिंग शेवटपर्यंत पोचलं तोवर कुणीतरी स्वतःच विचारलं, ह्यांना किडे कशाला लागतात? मग उत्तर एका वाक्यात: जांभ्यावरच्या या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. प्रश्न पिकेपर्यंत उत्तर मुठीत धरून ठेवायला संयम लागतो. कसलेल्या शिक्षकांनाही तो नेहमी साधत नाही.

वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ तळ्याला अगदी बिलगून आहे, आणि तळ्याभोवती झाडीचा डोंगर. सगळे आधी देवळाकडे धावतात. यांनी आधी तळ्याच्या दुसऱ्या अंगाला बसून देऊळ पाण्यात पाहिलं, मग पायांनी गाठलं. डबे उघडले तेव्हा घावण्यांच्या जोडीला साबुदाण्याची खिचडी निघाली. त्या दिवशी वद्य एकादशी होती. नारायणाचं स्थान, म्हणून हा दिवस निवडला असणार, असं मी गृहीत धरलं. (उपास न करणाऱ्यांनीच खिचडी संपवली, हे ओघाने आलंच.)

कर्ली नदीपलीकडे धामापूरचं तळं आहे, 1530 सालचं, 2020 मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून गौरवलेलं. दुसऱ्या कुणी तेही याच दिवसात कोंबलं असतं. यांनी ते गाळलं. एका दिवशी एकच तळं बघायचं, यात मला बैठकीतल्या गवयाचा विवेक दिसला.

दुपारी कर्लीकाठी पोचलो, तेव्हा पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. बिळांच्या तोंडाशी कुर्ल्या, आणि तिवरांची श्वसनमुळं खिळे ठोकल्यासारखी वर आलेली. ही वेळ कशी साधली? म्होरक्या म्हणाला, “तिथीची पाऊणपट करा, भरती गावतली.” अकराची पाऊणपट सव्वाआठ. पूर्ण भरती सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सव्वादोनच्या पुढेमागे. शिवाय समुद्रापासून इतकं आत पाणी उशिरानेच ओसरतं, त्याची थोडी भर. किनाऱ्यावरच्या माणसांचा हा तोंडी हिशेब. एकादशी नारायणासाठी नव्हती, चिखलासाठी होती! सड्यावरची बैठक, तळ्याकाठचं रेंगाळणं, सगळं या उत्तरावरून उलटं मोजत आणलेलं होतं, आणि दिवसभर कुणी घड्याळाचं नावही काढलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर त्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेच पुढची पौर्णिमा सुचवली.

“पंधराची पाऊणपट?” मागून प्रश्न आला.

“सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साडेपाचाक.”

“शेवटची एस्टी चुकतली.”

“मगे चलत येवया,” ती म्हणाली, आणि चाल मुळीच न वाढवता पुढे निघाली.