चार अळंब्या आणि एक झगा

गोष्टीतला मनुष्य जोवर एकटा हिंडतो, तोवर त्याचे काही खरे नसते. तो आज डोंगरावर चढेल, उद्या समुद्रात उडी घेईल. त्याला विचारणारे कोण? पण त्याने एकदा का कोणाच्या घराण्याचा, संघाचा वा टोळीचा आश्रय घेतला, की त्याच्या प्रत्येक पावलाचा जमाखर्च कुठेतरी लिहिला जाऊ लागतो. खाल्ल्या मिठाला जागायचे की नाही, हा प्रश्न मग त्याला टाळता येत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु संगणकावरचे खेळ रचणाऱ्यांनाही तोच पेच पडतो, आणि तो सोडवताना तेही आपल्यासारखेच कधी जिंकतात, कधी सपशेल हरतात, हे मला अलीकडेच कळले.

गुरू भेटला तो घरातच. माझा पुतण्या सुट्टीत आमच्याकडे आला, येताना आपला संगणक घेऊन आला, आणि चार दिवसांत त्याने काकांना बिघडवले. त्याने मला दाखवले ते दोन खेळ अमेरिकेतल्या बेथेस्डा या एकाच कंपनीचे, 'एल्डर स्क्रोल्स' या एकाच मालिकेतले: 2002 सालचा 'मॉरोविंड' आणि 2011 सालचा 'स्कायरिम'. दोन्हींत आपण एक अनोळखी माणूस होऊन अद्भुत प्रदेशात उतरतो. तिथे चेटक्यांचे विद्यापीठ असते, लढवय्यांचा संघ असतो, चोरांची टोळी असते. त्यांपैकी कोणाकडेही जाऊन म्हणावे, मला तुमच्यात घ्या. ते घेतात, कामे सांगतात, इनाम देतात, आणि कामे करीत करीत माणूस एक दिवस त्या संस्थेचा मुख्य होऊन बसतो. वरकरणी दोन्ही खेळ याच एका साच्यातले. पण ते खेळून उठल्यावर जे मनात उरते, त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

'मॉरोविंड'मधले बालमोरा हे नदीकाठचे गाव घ्या. तिथल्या मंत्रविद्येच्या संघात अजीरा नावाची मांजरवंशातली एक कारागीर बाई आहे. तुम्ही नुकते संघात आलेले, अंगात विद्या बेताचीच. ती तुम्हाला राक्षस मारायला धाडत नाही. दलदलीच्या किनाऱ्यावर जा आणि चार जातींच्या अळंब्या वेचून आणा, म्हणते. तिची गाल्बेदीर नावाच्या सोबतिणीशी पैज लागलेली असते की पुढची पायरी आधी कोण चढते. त्या पैजेखातर हा सगळा खटाटोप. अळंब्या आणून दिल्या की औषधाच्या काही बाटल्या मिळतात. दुसरे काम याहून लबाडीचे: गाल्बेदीरच्या मेजात एक खोटे रत्न गुपचूप ठेवून यायचे. मला ही दोन कामे फार आवडली. जगातल्या कोणत्याही कचेरीत नवा मनुष्य जातो तेव्हा त्याच्या वाट्याला राज्य वाचवण्याचे काम येत नाही. दोन जुन्या नोकरांच्या भांडणातला निरोप्या होण्याचेच येते. अद्भुतरम्य कथेला हे भान असणे दुर्मिळ.

आणि बढती? ती नुसत्या हेलपाट्यांनी मिळत नाही. त्या संघात दहा पायऱ्या आहेत. आपल्या माहितीच्या पानावर संघाच्या नावाशी बाण नेला, की पुढच्या पायरीसाठी अंगी कोणते गुण किती हवेत आणि कोणती विद्या किती यायला हवी, हे आकड्यांनिशी लिहिलेले दिसते. सर्वांत वरच्या आसनासाठी संघाच्या मान्य विद्यांपैकी एक तरी 90 पर्यंत नेलेली असावी लागते. तेवढी नसेल, तर तुम्ही कितीही कामे करा, वरचे लोक गोड शब्दांत परत धाडतात. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही; इतकी वर्षे शाळेत काढली, पण आपले नेमके काय आणि किती उणे आहे, हे इतक्या स्वच्छ शब्दांत मला आजवर कोणी सांगितले नाही. त्या पानाकडे मी जरा हेव्यानेच पाहत राहिलो.

याच खेळात तीन मोठी घराणी आहेत: व्यापारी ह्लालू, लढवय्ये रेडोरान, आणि अळंबीसारखे वाढणारे मनोरे बांधून त्यांत राहणारे तेल्वान्नी चेटके. यांतले एकच घराणे पत्करता येते. एकाचे झालात की उरलेल्या दोघांची दारे मिटली. पुढे पुरेशी सेवा झाल्यावर घराणे तुम्हाला स्वतःची गढी बांधून देते, तीही एका रात्रीत नव्हे, तीन टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याला नवी कामे करावी लागतात, आणि मध्यंतरी तुम्ही दुसरीकडे भटकून आलात की मोकळ्या माळावर भिंती उभ्या राहिलेल्या दिसतात. रेडोरानचा वाडा पाहताना तेल्वान्नींचा मनोरा आपण गमावला, ही चुटपुट लागते. आणि मला वाटते, त्या चुटपुटीमुळेच वाडा आपला वाटतो. पुतण्याने तेल्वान्नी निवडले होते. आम्हा दोघांचे यावरून दोन दिवस जुंपले, ते खेळाच्या बाजूने मोठेच प्रमाणपत्र समजावे.

सर्वांत कसदार प्रकरण मात्र लढवय्यांच्या संघाचे. बालमोऱ्यात आयडिस फायर-आय नावाची बाई कामे वाटते. पहिले काम एका घरातले उंदीर मारण्याचे, म्हणजे अगदी निरुपद्रवी. मग हळूच सांगितले जाते की अमक्या खाणावळीतल्या सॉटिल्डकडून तिची संकेतवही घेऊन या. संकेतवही कसली, कोणाची, कशासाठी, हे कोणी सांगत नाही. ती असते चोरांच्या टोळीची. तुम्ही त्या टोळीत आधीच शिरलेले नसाल आणि ही वही आयडिसला देऊन बसलात, तर त्या टोळीचे दार तुम्हाला बंद होते. पुढे उलगडा होतो की लढवय्यांचा मुख्य शोरिंग हा कामोन्ना टाँग नावाच्या गुंडांच्या पंथाच्या मिठात अडकलेला आहे, आणि चोरांचा काटा काढण्याचे हुकूम तिथूनच येतात. आल्ड-रून गावात पर्सियस मर्सियस नावाचा एक जुना अधिकारी आहे. तो तुम्हाला बाजूला घेऊन सांगतो की हे बरे चाललेले नाही, दुसराही मार्ग आहे. पण तो आपण होऊन मागे येत नाही. तुम्ही त्याच्याकडे गेलातच नाही, तर हुकमाचे ताबेदार राहून शेवटी चोरांच्या पुढाऱ्यांचे मुडदे पाडाल, आणि इनामही घ्याल. खेळ एका शब्दाने रागावणार नाही. मी पहिल्या खेपेला वही नेऊन दिली. मास्तराचा स्वभाव, वरून आलेला कागद पाहिला की सही करतो. कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

या खेळात दोष नाहीत असे नव्हे. तिथल्या देवळाच्या संघात आणि बाहेरून आलेल्या साम्राज्याच्या धर्मसंघात एकाच वेळी नाव घालता येते, आणि दोघांपैकी कोणाचीही भुवई वर जात नाही. हे काही पटत नाही. माणसे तीच चार वाक्ये पुनःपुन्हा म्हणतात. मंत्रसंघाचा मुख्य ट्रेबोनियस इतका बुद्धू रंगवला आहे की एका प्राचीन वंशाचा वंशच कसा नाहीसा झाला, ते शोधून काढ, असे तो नवशिक्याला सहज सांगतो. याला मी दोष म्हणणार होतो. पण असे वरिष्ठ पाहिलेल्या वाचकांपुढे तो मुद्दा टिकणार नाही, म्हणून मागे घेतो.

आता 'स्कायरिम'. नऊ वर्षांनंतरचा खेळ. बर्फाचे डोंगर असे की पाहत राहावे. विंटरहोल्ड या ओसाड गावापलीकडे कड्यावर मंत्रविद्येचे महाविद्यालय आहे. पुलापाशी फराल्डा नावाची बाई थांबवते आणि एक मंत्र करून दाखवा म्हणते. येत नसेल तर त्याची पोथी तीच थोडक्या पैशांत विकते! आत गेल्यावर तोल्फदिर नावाच्या वृद्ध अध्यापकाचा एक पाठ होतो. त्यानंतर भुयार, एक प्रचंड गोळा, एक कपटी परदेशी सल्लागार, दोन वरिष्ठांचे मृत्यू; आणि हे सारे बहुतांशी तलवारीच्या जोरावर निभावून नेणाऱ्या तुमच्या हाती शेवटी कुलगुरूचा झगा आणि त्याच्या दालनाची किल्ली ठेवण्यात येते. दालन सुरेख आहे, आत चक्क बाग आहे. पण मी त्या बागेत उभा राहिलो तेव्हा मला आपण कोणाच्या तरी घरात चोरून शिरलो आहोत असे वाटू लागले. मला दोन मंत्र धड येत नव्हते. ज्या तोल्फदिरने आयुष्य शिकवण्यात घालवले, तो ती किल्ली स्वतःच्या हाताने मला देतो आणि वर आनंद मानतो. एका शिक्षकाला हे पाहवत नाही.

मी हे पुतण्याला बोललो. तो म्हणाला, "काका, परीक्षा शाळेत पुरे होते. सुट्टीतही मी आकडेच मोजत बसू का?" यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. खेळणाऱ्याला कुठेच अडू न देणे हाही एक आतिथ्याचा प्रकार आहे, आणि त्या आतिथ्यामुळेच 'स्कायरिम' त्याच्यासारख्या मुलांपर्यंत पोचला, हे मान्य केले पाहिजे. पण पाहुण्याला घराचा मालक करून टाकणे, हे काही आतिथ्य नव्हे.

तरीही 'स्कायरिम'मध्ये एक जागा अशी आहे, की तिथे हा खेळ आपल्या वडील भावाच्याही पुढे जातो. व्हाइटरन शहरातल्या जोरव्हास्कर नावाच्या जुन्या दिवाणखान्यात 'कंपॅनियन्स' हे लढवय्ये राहतात. तिथे आधी विल्कस अंगणात तुमचे हात पाहतो, मग आपली तलवार धार लावायला लोहाराकडे नेऊन दे म्हणतो. म्हणजे अळंब्यांचीच जात. पुढे एका रात्री तुम्हाला आतल्या वर्तुळात घेतात. तो मान म्हणजे रक्त पिऊन लांडगा होणे. नको म्हटलेत तर गोष्ट तिथेच थांबते. घेतलेत तर रोगांची भीती उरत नाही, बळ येते. पण झोपून उठल्यावर इतरांना जी ताजेपणाची जोड मिळते, ती तुम्हाला कधीच मिळत नाही. आणि ज्या वृद्ध कोडलाकच्या हाताखाली हे सारे चालते, तो स्वतः मरण्यापूर्वी यातून सुटू पाहत असतो. ते त्याला जिवंतपणी साधत नाही. त्याच्या मृत्यूनंतर एका प्राचीन थडग्यात एका चेटकिणीचे शिर जाळून त्याच्या आत्म्याला मोकळे करावे लागते, आणि मग त्याची जागा तुमच्याकडे येते. इथे एकही आकडा मागितलेला नाही, तरी किंमत मात्र पुरेपूर वसूल केली आहे. मिळालेला मान आणि लागलेला शाप एकाच प्याल्यात देण्याची ही कल्पना मला सुचली असती, तर मी तिच्यावर एक कादंबरी उभी केली असती.

चेटकिणी पाच, शिर लागते एकच. ज्यांनी जास्तीची शिरे आणली असतील, त्यांना पुढे त्याच थडग्यात जाऊन स्वतःची सुटका करून घेता येते. पुतण्याने आणले आहे. त्याच्या व्हाइटरनच्या घरात पलंगाच्या पायथ्याशी एक पेटी आहे, तिच्यात ते पडून आहे. सुट्टी संपायला आली तेव्हा मी त्याला विचारले, "कधी जाणार?" तो म्हणाला, "बघू, काका." मग त्याने आपल्या माणसाला पलंगावर झोपवले, आठ तास पुढे ढकलले, आणि उठल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात काही नवे उमटले का ते मी पाहिले. काही उमटले नव्हते.