वनवासातले कॉलेज आणि वारीतले कॉलेज

नांदगावचे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी आगगाडीच्या खिडकीतून वाचले असेल. मुंबईहून भुसावळकडे निघाले म्हणजे मनमाडचा गजबजाट मागे पडतो, पानेवाडी, हिसवळ, पांझण अशी लहान लहान स्टेशने जातात आणि नांदगाव येते. एकोणिसाव्या शतकात वेरूळची लेणी पाहावयास निघालेले साहेबलोक येथे उतरत आणि पुढची वाट टांग्याने कापीत. विसाव्या शतकाच्या तोंडावर तेव्हाच्या औरंगाबादला रेल्वे पोचली आणि आमचे स्टेशन त्यांच्या प्रवासवर्णनांतून गळाले. त्यानंतर साहित्याच्या गाडीतून नांदगावला फारसे कोणी उतरलेले नाही. अर्थात स्टेशनाचे मला काही वाटत नाही. मला बोलावयाचे आहे ते आमच्या कॉलेजाविषयी, आणि आमच्या कॉलेजासारख्या महाराष्ट्रातल्या शेकडो कॉलेजांविषयी.

नाशिकच्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे, म्हणजे 1914 साली स्थापन झालेल्या संस्थेचे, कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आमच्या गावी आहे. मी त्याच्या वर्गात कधी बसलो नाही. आमच्याकडची वडीलधारी मंडळी ज्याला अजून मॅट्रिक म्हणतात तेवढेच माझे शिक्षण. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्याही शाळा सुटल्यावर. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले-मुली दरवर्षी त्या कॉलेजात जातात आणि रस्त्यात भेटली म्हणजे बोलतात. ती एक वाक्य हटकून बोलतात. “सर, आमचं काय, नावाला कॉलेज. खरं कॉलेज नाशिकला नाहीतर पुण्याला.” हे वाक्य त्यांना कोणी शिकवले, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडला आहे. त्याचे पुष्कळसे उत्तर आपल्या कादंबऱ्यांत आहे, असे माझे मत झाले आहे. ते मत आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

मराठी कादंबरीतले कॉलेज कोठले, हे आधी पाहू. ना. सी. फडके स्वतः प्राध्यापक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. त्यांचे नायक-नायिका कॉलेजात भेटतात, पण अभ्यासाचे ओझे त्यांच्या खांद्यावर फारसे दिसत नाही. दिसतो तो चहा, फिरणे, सुरेख संभाषण. त्या कॉलेजाला चार भिंती असतात त्या दिवाणखान्याच्या. मग 1963 साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि दिवाणखाना एका दिवसात जुना झाला. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला जातो. वसतिगृहाची खोली, मेस, गॅदरिंग, वडिलांकडून येणारे पैसे आणि त्या पैशांची लाज, हे सारे मराठीत इतक्या खरेपणाने प्रथमच आले. पुढे 1982 साली सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ निघाली. तिने वसतिगृहाच्या जागी कट्टा आणला, आणि 2013 साली तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा ज्यांनी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांनाही तो कट्टा आपलासा वाटला.

ह्या तिन्ही तऱ्हा परस्परांहून फार वेगळ्या आहेत. ‘कोसला’ची बरोबरी दुसऱ्या दोघांशी करावी असेही माझे म्हणणे नाही. तथापि तिघांत एक गोष्ट समान आहे. त्या कॉलेजांना संध्याकाळ असते. फडक्यांच्या नायकाचा दिवस संध्याकाळीच सुरू होतो. पांडुरंगाला एकटेपण खायला उठते ते तास सुटल्यावर, खोलीवर. कट्टा तर संध्याकाळीच भरावयाचा. तासांच्या वेळात ह्या कादंबऱ्यांमधून फारसे काही घडत नाही. जे घडते ते तास संपल्यावर घडते.

आमच्या कॉलेजाला संध्याकाळ नाही.

बोलठाण, जातेगाव, वेहेळगाव, साकोरा, मांडवड, न्यायडोंगरी अशा गावांहून पोरे येतात. कोणी एस.टी.ने, कोणी गाडीने, कोणी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर तिसरा म्हणून बसून. त्याआधी मुलाने गुरांचे पाहिलेले असते आणि मुलीने घरच्या भाकरी थापलेल्या असतात. दुपारी तास सुटतात आणि डोळे घड्याळाकडे लागतात, कारण ही बस गेली तर पुढची केव्हा, हे कंडक्टरलाही सांगता येत नाही. ह्या मुलांचे कॉलेज म्हणजे दोन बसगाड्यांमधला वेळ. मैत्री त्या वेळात करावयाची, भांडण त्या वेळात, ग्रंथालयातले पुस्तक त्या वेळात बदलावयाचे, आणि कोणी आवडलेच तर तेही त्याच वेळात आवडावयाचे. सूर्य मावळताना ही मुले पुन्हा आपापल्या गावी, आपापल्या गोठ्यापाशी असतात.

ह्यातून ज्या चालीरीती तयार झाल्या आहेत त्या पाहण्यासारख्या आहेत. गॅदरिंग घ्या. ते साधारणपणे थंडीत येते, आणि आमच्या भागात उन्हाळ कांद्याची लागणही त्याच दिवसांत येते. नाचाच्या गटातली एखादी मुलगी दोन दिवस तालमीला येत नाही ती रुसली म्हणून नव्हे; ती रोजाने रोपे लावीत असते आणि त्या रोजातूनच साडी डेची साडी यावयाची असते. तिसऱ्या दिवशी ती येते तेव्हा तिची बोटे मातीने काळी झालेली असतात आणि त्याच बोटांना मेंदी लागते. शहरी कॉलेजातले नाटक रात्रीच्या तालमींवर उभे राहते. ‘कोसला’ निघाली त्याच 1963 साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि त्या स्पर्धेच्या गोष्टी म्हणजे बव्हंशी रात्री जागवल्याच्या गोष्टी. आमच्याकडचे नाटक मधल्या सुट्टीत बसते. म्हणून त्यात पात्रे थोडी आणि प्रवेश आटोपशीर असतात. परीक्षकांना तो नवखेपणा वाटतो. मला तो बसच्या वेळापत्रकाने घातलेला घाट वाटतो.

शेलापागोट्यांचेही तसेच. एकमेकांना चिमटे काढणाऱ्या ह्या ओळी, ज्यांना मुले फिशपाँड म्हणतात, त्या शहरात नाव न सांगता खुपसता येतात. आमच्याकडे जिच्यावर ओळ लिहावयाची तिचा मामा आपल्याच गावचा असतो आणि लिहिणाऱ्याला परतीच्या बसमध्ये त्याच्याच शेजारी बसावयाचे असते. त्यामुळे ओळ अशी लिहावी लागते की जिला कळावयाची तिलाच कळावी आणि मामाने मात्र मोठ्याने हसावे. अलंकारशास्त्रात ह्याला श्लेष म्हणतात. आमच्या मुलांना तो शब्द परीक्षेत आठवत नाही, पण वापरता मात्र उत्तम येतो.

आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर! 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना देशात सुरू झाली ती श्रमदानासाठी. पण लहान कॉलेजात तिने एक वेगळेच काम केले आहे. सात दिवस एखाद्या गावी शाळेत किंवा देवळात मुक्काम. दिवसा चर खणावयाचे, गावाची स्वच्छता करावयाची. रात्री जेवण झाल्यावर गाणी आणि गप्पा. कित्येक मुलींच्या आयुष्यात मैत्रिणींबरोबर घराबाहेर काढलेल्या रात्री म्हणजे एवढ्या सातच. पांडुरंगाला जे वसतिगृह वर्षानुवर्षे मिळाले ते ह्यांना सात दिवस मिळते. लग्न होऊन दहा वर्षे झालेली बाई रस्त्यात भेटते आणि “सर, तो कॅम्प आठवतो का,” म्हणून विचारते, तेव्हा मी त्या कॅम्पला नव्हतोच हे तिला आठवत नाही. ह्या सात रात्रींवर मराठीत एक कादंबरी असावयास नको काय? माझ्या वाचनात तरी ती आलेली नाही.

आता कॉलेजच्या वार्षिक अंकाकडे येतो, कारण माझे खरे दुखणे तेथे आहे. नांदगावचा असो, चाळीसगावचा असो की आणखी कोठला, असे अंक हाती आले की मी मुखपृष्ठापासून शेवटच्या छायाचित्रापर्यंत वाचतो. ‘आई’ असते, ‘बाप’ असतो, ‘पाऊस’ असतो, ‘पहिले प्रेम’ असते. भाषा स्वच्छ असते, यमके बसलेली असतात. पण ज्याच्या घरची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते तो मुलगा पावसावर लिहितो तेव्हा त्याचा पाऊस कोकणातला असतो, रिमझिम पडणारा. जिने कधी बागेचे बाकडे पाहिले नाही ती मुलगी प्रेमाच्या कवितेत बाकड्यावर वाट पाहते. बसथांब्यावर पाहत नाही. तीन महिने ज्या बसच्या पायरीवर उभे राहून प्रवास केला ती बस अंकात कोठेही येत नाही. मुले आळशी आहेत म्हणून असे होत नाही. आपला दिवस लिहिण्याजोगा आहे, असे सांगणारे पुस्तक त्यांनी वाचलेले नसते. बाकडे छापलेले पाहिले, बस पाहिली नाही. “नावाला कॉलेज” हे वाक्य येथेच तयार होते.

न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की लहान गावची कॉलेजे साहित्यात अजिबात आली नाहीत असे नाही. नेमाड्यांनीच ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांत, 1975 ते 1979 ह्या काळात, अशा कॉलेजांचे अंतरंग निर्दयपणे उघडे केले. पण चांगदेव प्राध्यापक आहे. कॉलेज दिसते ते टीचर्स रूममधून, बाकावरून नव्हे. 2016 सालच्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने आमच्यासारखे कॉलेज पडद्यावर आणले. पुढाऱ्याच्या मुलाने भर वर्गात प्राध्यापकाच्या थोबाडीत मारली, तेव्हा आमच्याकडचे प्रेक्षक का गप्प झाले हे शहरातल्यांना कळावयास वेळ लागला. तथापि त्या गोष्टीलाही अखेर पळून जावे लागले. कॉलेज सुटले, गाव सुटले आणि मग कथेने वेग घेतला.

येथे एखादा जाणता वाचक म्हणेल, “अहो, कथेला वेग हवा असेल तर नायकाने घर सोडलेच पाहिजे. रोज जाऊन रोज परत येणाऱ्याची कसली कादंबरी?” हा आक्षेप वजनदार आहे. रामाने अयोध्या सोडली म्हणून रामायण झाले. घर सोडणे, सोसणे, परत येणे, हा वनवासाचा घाट आपल्या रक्तातला आहे, आणि ‘कोसला’चे बळही मला त्यातच दिसते. पांडुरंग सांगवी सोडतो आणि सांगवीला परत येतो. मधली वर्षे हा त्याचा वनवास.

परंतु आपल्याच मातीत दुसरा एक घाट आहे आणि तो वारीचा आहे. आमच्या जिल्ह्यातून, त्र्यंबकेश्वराहून, निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. वारकरी घर सोडून संन्यास घेत नाही. तो जातो आणि येतो, पुढच्या वर्षी पुन्हा जातो. संसार आणि पंढरी ह्यांतले एक निवडावयाचे नाही, दोन्ही सांभाळावयाची, हीच त्याची कसोटी. लहान कॉलेजातल्या मुलाची स्थिती हीच आहे, फक्त त्याची वारी रोजची आहे. सकाळी तो अर्थशास्त्राचा तास ऐकतो आणि संध्याकाळी बाजारातून परतलेल्या बापाकडून कांद्याचा भाव ऐकतो, एकाच दिवशी, एकाच डोक्याने. पांडुरंगाला ह्या दोन जगांमध्ये वर्षांचे अंतर मिळाले. ह्याला बसमधला पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासात काय होते, हे लिहिणारा लेखक मला हवा आहे. नाट्य तेथे कमी नाही, फक्त ते मोठ्याने बोलत नाही.

ही रोजची वारी म्हणजे काय वस्तू आहे हे मार्च 2020 मध्ये दिसले. टाळेबंदी आली, गाड्या थांबल्या, कॉलेजे बंद झाली आणि तास मोबाइलवर येऊ लागले. शिक्षण चालू आहे, असे सारे म्हणत होते. पण माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एकीने जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. “तास मिळतो सर, पण रस्ता मिळत नाही.” त्या रस्त्यावर ती कोणाची लेक नव्हती, कोणाची होऊ घातलेली सून नव्हती. त्या दोन वर्षांत पुष्कळ मुलींचा रस्ता कायमचा बंद झाला; घरात बसलेल्या मुलीचे लग्न लवकर जमवतात. वर्ग पुन्हा भरले तेव्हा काही बाके रिकामी राहिली. ज्या वेळेला साहित्याने किंमत दिली नाही त्या वेळेला घरानेही किंमत दिली नाही. हा संबंध मी ताणून जोडतो आहे, असे कोणी म्हणेल. म्हणोत. जे कोठे लिहिले जात नाही ते बुडाल्यावर कोणी शोधावयास येत नाही, एवढे मी शिक्षकाच्या नोकरीत शिकलो आहे.

उपाय मोठा नाही आणि तो आमच्या शेजारच्या खानदेशात होऊन गेलेला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. मुलांच्या रोजच्या आयुष्याला रोज एक पान मिळावे एवढे महत्त्व त्यांनी दिले. लहान कॉलेजांनी आपल्या भित्तिपत्रकावर आठवड्यातून एकदा एवढेच छापावे की ह्या आठवड्यात बसमध्ये काय झाले. ‘पाऊस’ आणि ‘पहिले प्रेम’ त्यातून आपोआप येतील, आणि ते आपल्या तालुक्यातले असतील.

वाचकहो, सुट्टीत तुमच्या घरी एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातला भाचा किंवा पुतणी आली असेल. तिला मार्क किती हे सारेच विचारतात. तुम्ही शेवटची बस किती वाजता असते ते विचारा, आणि ती कधी चुकली होती का, हेही विचारा. उत्तर ऐकताना चकली गार झाली तरी हरकत नाही. मीही पुढे कॉलेजवरची नवी कादंबरी हाती घेईन तेव्हा आधी तिच्यात तेवढेच शोधणार आहे.