हुकमाचा कपडा, मर्जीचा कपडा

वेशभूषेवर लिहिणे म्हणजे चैनीवर लिहिणे, असा समज आपल्या साहित्यविचारात अजून टिकून आहे. भाकरी, पाणी, जमीन, भाषा हे गंभीर विषय. कपडा, केस, चेहऱ्यावरचा रंग हे सुखवस्तू घरच्या पोरांचे चाळे. मला ही वाटणी मान्य नाही. अंगावर काय घालायचे हे ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी सांगितले, त्या समाजाच्या समीक्षकाने कपड्याकडे पाठ फिरवायची, ही प्रस्थापितांची उसनी घेतलेली प्रतवारी आहे. म्हणून मी येथे एका छायाचित्रसंग्रहाविषयी लिहीत आहे. तो जपानमधला आहे. त्यात आपले कोणी नाही. तरीही तो आपल्या वाचनाचा विषय आहे, असे मला वाटते.

शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ साली टोकियोत ‘फ्रूट्स’ नावाचे मासिक सुरू केले. हाराजुकू या भागात रस्त्यावर भेटणाऱ्या तरुण मुलामुलींची डोक्यापासून पायापर्यंतची छायाचित्रे त्यात येत. सोबत वय, काम, अंगावरची वस्तू कुठून घेतली, सध्या कशाचे वेड आहे, एवढीच माहिती. त्यातल्या निवडक छायाचित्रांचे पुस्तक २००१ साली फायडन या प्रकाशनसंस्थेने काढले आणि हाराजुकूचे नाव जगभर झाले. मासिकाचे दोनशेंहून अधिक अंक निघाले. २०१७ च्या आरंभी आओकींनी छापील अंक बंद केला. टिपण्याजोगी मुले आता रस्त्यावर दिसत नाहीत, असे कारण त्यांनी दिले.

या पानांवर काय दिसते? किमोनोचे भाग पाश्चात्त्य कपड्यांत मिसळलेले. जुन्या बाजारातला कोट, घरी शिवलेला घागरा, वीतभर उंच तळाचे बूट. ‘डेकोरा’ म्हणवणाऱ्या मुलींच्या केसांत इतक्या चिमट्या की केस दिसू नयेत. गालांवर रंगीत पट्ट्या. ‘लोलिता’ म्हणवणाऱ्यांचे जुन्या युरोपातल्या बाहुलीसारखे झालरींचे झगे. मुलगा की मुलगी, हे कित्येकदा ओळखू येत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो. आओकी त्यांना हसवत नाहीत, वळवत नाहीत, त्यांची कीवही करत नाहीत. समोरच्या माणसाला त्याच्या पूर्ण उंचीत उभे राहू देणे, हे या छायाचित्रकाराचे मोठे श्रेय आहे. आपल्याकडच्या दारिद्र्याच्या छायाचित्रांत हा मान किती जणांना मिळाला, हे वाचकांनीच आठवावे.

या मुलांविषयी दोन मते ऐकू येतात. एक पुरोगाम्यांचे: हा सगळा बाजाराचा खेळ, भांडवलशाही बंडसुद्धा दुकानात विकते. दुसरे चाहत्यांचे: हा विद्रोह आहे, एकसारखेपणाच्या समाजात प्रत्येकाने आपला ‘मी’ अंगावर घातला आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि दोन्हींत एकच उणीव आहे. ज्या देशात ही मुले उभी आहेत, त्या देशात कपड्याचा इतिहास काय होता, हे दोघेही विचारत नाहीत.

तोकुगावांच्या राजवटीत कपडा मर्जीचा नव्हता. कोणत्या थराने कोणते कापड आणि कोणता रंग वापरायचा, याचे हुकूम पुन्हापुन्हा निघत. व्यापाऱ्याकडे पैसा असे, पण भपका करण्याची मुभा नसे. मग तो वरून साधा कपडा घाली आणि आतल्या अस्तरावर खर्च करी. तपकिरी आणि राखाडी रंगांच्या इतक्या छटा निघाल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी’ असा वाक्प्रचारच झाला. चेहराही हुकमाचाच होता. स्त्रीचे काळे केलेले दात आणि काढून टाकलेल्या भुवया तिचे वय, तिचे लग्न सांगत. १८७० साली सरदार घराण्यांतली ही चाल कायद्याने बंद झाली आणि १८७३ साली सम्राज्ञीने स्वतः ती सोडली. म्हणजे रंग लावण्याची रीत आणि तो पुसण्याची रीत, दोन्ही वरूनच आल्या.

या उतरंडीच्या तळाशी, किंबहुना उतरंडीबाहेर, मेलेली गुरे ओढणारे आणि चामडे कमावणारे लोक होते. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. त्यांचे काम सांगितले की आपल्या वाचकाला आणखी काही सांगावे लागत नाही. १८५५ सालच्या अखेरीस ओकायामा संस्थानाने काटकसरीचे फर्मान काढले. त्यात या लोकांसाठी वेगळी कलमे होती: त्यांनी नक्षी नसलेला, कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसात किंवा निळीत रंगवलेलाच कपडा घालावा. इतर शेतकऱ्यांपासून त्यांना नजरेनेच वेगळे काढता यावे, अशी ही तजवीज होती. आम्हीही जमीन कसतो, आम्हीही सारा भरतो, मग आमचा कपडा वेगळा का, असा त्यांचा सवाल होता. १८५६ साली अनेक वस्त्यांतले हजाराहून अधिक लोक अर्ज घेऊन निघाले आणि त्यांनी तो संस्थानच्या एका प्रमुख सरदाराला स्वीकारायला लावला. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले, काही तिथेच मेले. पण तो हुकूम प्रत्यक्षात अंमलात आला नाही. जपानच्या इतिहासात हा लढा ‘शिबुझोमे’चा, म्हणजे त्या तुरट रंगाचा, उठाव म्हणून नोंदला आहे.

मृतांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने कोणाच्या अंगावर असावेत, हे मनुस्मृतीने सांगितले होते. ओकायामाच्या फर्मानाची भाषा वेगळी, हेतू तोच: माणूस बोलण्याआधी त्याच्या कपड्याने त्याचा जन्म सांगावा. हा संदर्भ जवळ ठेवून ‘फ्रूट्स’ची पाने उलटली की त्यांचे खरे मोल कळते. या मुलांचा वेश त्यांचा जन्म सांगत नाही. बाप कोण, वस्ती कोणती, धंदा काय, यांतले काहीही त्या झालरींवरून वाचता येत नाही. पाहणाऱ्याला वाचता येईल ते त्या मुलाने स्वतः लिहिलेले. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सौंदर्याच्या गप्पांत तिला ‘आत्माविष्कार’ म्हणतात. मी तिला हुकूम संपल्याची खूण म्हणतो.

पण समीक्षकाने इथे थांबून टाळ्या वाजवू नयेत. हाराजुकूपासून जवळच शिबुया आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘गांगुरो’ आणि त्यांच्या पुढची ‘यामाम्बा’ अशा मुली दिसू लागल्या. चेहरा तपकिरी-काळा, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरा रंग, केस पिंगट किंवा रुपेरी. गोरी कातडी म्हणजे सौंदर्य, या तिथल्या पक्क्या कल्पनेवर त्यांनी काळा रंग फासला. यामाम्बा म्हणजे लोककथेतली डोंगरातली चेटकीण. नियतकालिकांनी त्यांची टर उडवली, त्यांना घाणेरड्या ठरवले. हाराजुकूच्या मुलींना ‘गोड’ म्हणणारी नजर यांच्यावर थुंकत होती. कोणता वेश कला ठरतो आणि कोणता गलिच्छ, हे कोण ठरवते, हा प्रश्न या मुलींनी नकळत उघडा पाडला. त्याबद्दल मी त्यांना मान देतो. तरीही हे विसरता येत नाही की त्यांचा काळा रंग संध्याकाळी धुता येत होता. ज्याचा धुता येत नाही, त्याच्या अपमानाशी त्या खेळाची बरोबरी होत नाही.

वेशाच्या स्वातंत्र्याला रस्ताही लागतो. हाराजुकूत १९७७ पासून रविवारी मोटारी बंद करून रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा केला जाई. तिथेच या पिढ्या एकमेकांना पाहून घडल्या. १९९८ साली ती मुभा काढून घेण्यात आली. आणि रविवार संपल्यावर सोमवार येतोच. ओसाका प्रांतातल्या एका शाळेने जन्मतः तपकिरी केसांच्या मुलीला केस काळे करायला लावले. तिने २०१७ साली दावा लावला. २०२१ साली न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, ती वर्गातून तिचे बाक आणि यादीतून तिचे नाव काढल्याबद्दल. केसांचा नियम मात्र शाळेच्या अधिकारात बसतो, असेच म्हटले. एका जागी गुलाबी केसांचे कौतुक आणि दुसऱ्या जागी जन्माच्या केसांना शिक्षा, असा हा एकच समाज आहे.

त्याहून जड गोष्ट पुढे आहे. १८७१ च्या फर्मानाने बुराकुमिनांचा वेगळा दर्जा कायद्याने संपला. आज त्यांना कपड्यावरून, चेहऱ्यावरून, बोलण्यावरून ओळखता येत नाही. मग भेदभाव संपला काय? १९७५ साली उघड झाले की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या छापील याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि नोकरीला येणाऱ्याचे मूळ तपासण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत होत्या. लग्न ठरवतानाही अशा चौकश्या होत राहिल्या. कपडा बोलेनासा झाला तेव्हा कागदाला बोलते केले. हा भेदभाव अस्तित्वात आहे हे मान्य करणारा कायदा जपानला २०१६ च्या डिसेंबरात करावा लागला.

म्हणून ‘फ्रूट्स’वर माझा आक्षेप त्या मुलांविषयी नाही, त्या पानाच्या चौकटीविषयी आहे. बुटाचे दुकान तिथे छापले जाते; चामडे कमावणाऱ्या हातांना तिथे जागा नाही. कोण काय ल्याले आहे हे कळते; ते उतरवल्यावर माणूस कुठे परत जातो, हे कळत नाही. वेशातल्या कोणत्याही बंडाला मी हाच प्रश्न विचारीन.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी नीट विचारला गेला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण सांगणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली होती आणि तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मागितला जात होता. कपडा, ग्रंथ आणि पाणी ही एकाच लढ्याची कामे होती. त्यामुळे लुगड्याची बदललेली नेसण रविवारपुरती राहिली नाही, ती रोजची झाली.

त्या नेसणीवर आपण किती लिहिले? पहिल्यांदा लुगडे घोट्यापर्यंत सोडून गावातून चाललेल्या बाईकडे गावाने कसे पाहिले, तिने काय ऐकून घेतले, आरशात स्वतःला पाहून ती काय म्हणाली, हे तिच्या लेकींना, नातींना अजून ठाऊक आहे. हाराजुकूच्या प्रत्येक चिमटीची नोंद पुस्तकांत झाली. आपल्या आज्यांच्या नेसणीची व्हायची आहे. ती घेणे हे आपल्या लेखकांचे, आणि त्याहूनही आपल्या लेखिकांचे काम आहे.