वसंताचा पाठलाग: एका सायकलप्रवासाचें पुस्तक

इंग्लंडांतील खेड्यापाड्यांतून सायकलवर हिंडण्याविषयीं लिहिलेल्या पुस्तकांची संख्या लहान नाहीं. त्यांपैकीं बरींचशीं वाटाड्याच्या कामाचीं असतात. चढ कोठें लागेल, उतार किती धोक्याचा आहे, चहा कोठें मिळेल, हें त्यांत सांगितलेलें असतें, आणि प्रवास संपला कीं त्यांचा उपयोगही संपतो. एडवर्ड टॉमस याचें ‘इन पर्सूट ऑफ स्प्रिंग’ हें १९१४ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक त्या वर्गांतलें नव्हे, असें टीकाकार सांगतात. आमचेंही मत तसेंच आहे. परंतु त्याच्या थोरवीचीं म्हणून जीं कारणें देण्यांत येतात, त्यांपैकीं दोन आम्हांस मान्य नाहींत. त्यांचा विचार करण्यापूर्वीं पुस्तकाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे.

१९१३ सालच्या मार्चच्या २१ तारखेस, गुड फ्रायडेच्या दिवशीं, टॉमस दक्षिण लंडनमधील आपल्या आईबापांच्या घरून सायकलवर निघाला आणि २८ तारखेस सॉमरसेट परगण्यांतील क्वांटॉक टेंकड्यांवर पोंचला. गिल्डफर्ड, डनब्रिज, सॉल्सबरीचें माळरान, ट्रोब्रिज, शेप्टन मॅलेट, ब्रिजवॉटर हे वाटेवरील टप्पे; बहुतेक प्रकरणांचीं नांवेंही त्यांवरूनच पडलीं आहेत. हेतु एवढाच, कीं पश्चिमेकडे जात जात वसंतास वाटेंत गांठावें. हा हेतु आमच्या वाचकांस कदाचित् पोरकट वाटेल. आमच्याकडे वसंत पळस फुलवीत येतो खरा, पण त्याच्या पाठोपाठ उन्हाची काहिली येते, आणि त्याला शोधावयास कोणी घर सोडून जात नाहीं. इंग्रजाचा वसंत म्हणजे आमचा मृगाचा पाऊस असें समजावें. आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी ज्या आतुरतेनें पहिल्या सरीची वाट पाहतो, ती मनांत आणली म्हणजे पस्तिशींतला एक गृहस्थ, तीन मुलांचा बाप, वाऱ्यापावसांत आठवडाभर पायडल कां मारीत राहिला, हें ध्यानांत येतें.

सायकलचें युग तेव्हां नवें नव्हतें. स्टार्लीची दोन सारख्या चाकांची सायकल १८८५ सालची आणि डनलॉपची हवा भरलेली धांव १८८८ सालची. टॉमस ज्या १८७८ सालीं जन्मला, त्याच सालीं हॅरोगेट येथें सायकलप्रवाशांचा जो संघ स्थापन झाला तो पुढें ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या नांवानें प्रसिद्धीस आला. बार्थोलोम्यूच्या अर्ध्या इंचाच्या नकाशांची दुरुस्ती या संघाच्या साहाय्यानें होई, आणि ते नकाशे खिशांत घालून कारकून व दुकानांतले नोकर रविवारीं शहराबाहेर पडत. या वर्गाचें चित्र एच्. जी. वेल्सनें १८९६ सालीं ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या कादंबरींत रेखाटलें आहे. कापडाच्या दुकानांतला त्याचा हूपड्रायव्हर टॉमसप्रमाणेंच गिल्डफर्डवरून जातो. पण केवढें हें अंतर! वेल्सच्या पुस्तकांत सायकल हें एक पात्रच आहे. तिच्यावरून पडल्यानें नायकाच्या पायांवर उठलेले वळ, तिचा हट्टी स्वभाव, नव्या कपड्यांचा डौल, यांनीं पानें भरलेलीं आहेत. टॉमसच्या पुस्तकांत सायकल जवळजवळ दिसतच नाहीं. ती आहे हें कळतें तें वाक्यांच्या चालीवरून. चढावर वाक्य रेंगाळतें, कुंपणांतलें एकेक झुडूप, एकेक पक्ष्याचा स्वर नोंदवीत जातें; उतार लागला कीं पांचसहा गांवांचीं नांवें एका दमांत मागें पडतात. पायीं चालणाऱ्याचें गद्य असें नसतें आणि आगगाडींतून पाहणाऱ्याचें तर नसतेंच. टॉमस हा एरवीं पक्का पायीं हिंडणारा. त्याचीं ‘द साउथ कंट्री’सारखीं आधींचीं पुस्तकें पाहिलीं म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो.

पुस्तकांत दोष आहेत आणि ते झांकण्याचें आम्हांस प्रयोजन वाटत नाहीं. तें पोटासाठीं लिहिलेलें आहे. प्रकाशकानें ठरविलेलीं पानें भरावयाचीं होतीं, म्हणून वेसेक्सच्या तीन कवींवर एक सबंध प्रकरण खर्ची पडलें आहे. खानावळींवरील पाट्या, थडग्यांवरील लेख, मातीच्या चिलमी, पावसाळी अंगरखे यांविषयीं इतकें लिहिलें आहे कीं वाचक सायकलवरून उतरून कंटाळून वाटेच्या कडेस बसतो. हें भरताड होय. वर्षानुवर्षें दुसऱ्यांच्या पुस्तकांचीं परीक्षणें लिहून ज्यानें संसार चालविला, त्याच्या हातून असें घडलें याचें नवल नाहीं. परीक्षणें लिहिणाऱ्यांनीं तरी त्याबद्दल त्याला फार बोल लावूं नये.

परंतु या भरताडाचा सर्वांत कठोर टीकाकार पुस्तकांतच आहे, आणि येथें आम्ही मुख्य मुद्यावर येतों. प्रवासाच्या आरंभींच लेखकाला एक इसम भेटतो. तो पांखरांच्या दुकानांतून एक लहानसा पक्षी कागदी पिशवींत घालून घेतो आणि थोड्या अंतरावर जाऊन त्याला सोडून देतो. हा इसम पुढें वारंवार वाटेंत आडवा येतो. त्याला नांव नाहीं. लेखक त्याला ‘दुसरा मनुष्य’ एवढेंच म्हणतो. तोही सायकलवर आहे, तोही पश्चिमेकडेच चालला आहे, तोही लेखकच आहे. चर्चच्या शिखरावरील वातकुक्कुटाचीं चित्रें काढण्याचा त्याला नाद. एके ठिकाणीं तो टिपणवह्यांवर तोंडसुख घेतो: टिपण करण्याच्या संवयीनें, टिपणांत न मावणारें जें जें आहे तें दिसेनासें होतें, असें त्याचें गाऱ्हाणें. वाचकास हां हां म्हणतां कळून येतें कीं हा दुसरा मनुष्य म्हणजे टॉमस स्वतःच. आणि जो आरोप तो करतो तो याच पुस्तकावर आहे. आपल्या पुस्तकाचें खंडन त्याच पुस्तकांत, विनोदाच्या सुरांत आणि तरीही मनापासून करणारा प्रवासलेखक आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. आमच्या प्रवासवर्णनांतील ‘मी’ हा बहुधा स्वतःवर संतुष्ट असतो. येथील ‘मी’ स्वतःला चुकवूं पाहतो, आणि पुढच्या वळणावर पुन्हां त्याचीच गांठ पडते.

आतां त्या दोन मतांकडे वळूं. पहिलें असें, कीं हें पुस्तक म्हणजे केवळ कवितेचा कच्चा माल. याला आधार आहे. अमेरिकन कवि रॉबर्ट फ्रॉस्ट याची व टॉमसची भेट १९१३ च्या ऑक्टोबरांत झाली. पुढल्या वर्षीं फ्रॉस्टनें याच पुस्तकांतील परिच्छेद दाखवून, हेंच, याच लयींत, पद्याच्या ओळींत लिही, असें त्यास सांगितलें. १९१४ च्या डिसेंबरांत टॉमसनें कविता लिहिण्यास आरंभ केला आणि दोन वर्षांच्या आंतबाहेर शंभराहून कितीतरी अधिक कविता लिहिल्या. फ्रॉस्टचा सल्ला इंग्रजी काव्यावर उपकार करणारा ठरला, यांत शंका नाहीं. पण त्यावरून गद्य हें निव्वळ खाणींतली माती ठरत नाहीं. कविता एका जागीं थांबते; तिला क्षण पुरतो. पुस्तकांत जें आहे तें रस्त्याचें सलगपण आहे: एक गांव संपण्यापूर्वींच दुसऱ्याचें शिखर दिसणें, पाऊस येईल कीं नाहीं या विवंचनेंत दुपार निघून जाणें, कंटाळा येणें आणि तो जाणें. हें टॉमसच्या कवितेंत नाहीं, आणि असावयास नको होतें. तें येथेंच आहे.

दुसरें मत अधिक भावनेचें आहे, म्हणून त्यास हात घालतांना संकोच वाटतो. टॉमस १९१५ सालीं सैन्यांत दाखल झाला आणि १९१७ च्या एप्रिलच्या ९ तारखेस, ईस्टरच्या सोमवारीं, आरासच्या लढाईंत मारला गेला. ईस्टरला निघालेला प्रवास आणि ईस्टरला आलेला मृत्यु! हा योग इतका चटका लावणारा आहे कीं पुष्कळांस या पुस्तकाच्या पानापानांत महायुद्धाची सांवली दिसते. आम्हांस ती दिसत नाहीं. १९१३ सालीं लेखकाला जें खुपत होतें तें त्याच्या आंतलें होतें: मनाचा जुना उदासपणा, वेळीं अवेळीं करावें लागणारें लेखन, आणि आपण जें लिहितों तें आपलें नव्हे ही टोंचणी. त्या दुःखावर आरास येथल्या तोफेचा धूर पसरविला म्हणजे पुस्तक मोठें दिसतें खरें, पण तें टॉमसचें राहत नाहीं. मरणानें लेखकाच्या पुस्तकाला अर्थ पुरवावा, ही गोष्ट जिवंत असतांना ज्यानें एकेका वाक्यासाठीं झीज सोसली त्याला अन्याय करणारी आहे.

सॉल्सबरीचें माळरान मात्र खरोखरच सैन्याच्या हातीं गेलेलें आहे. तेथील जमीन सरकारनें १८९७ पासून विकत घेण्यास सुरुवात केली होती. त्याच माळावरील इंबर हें खेडें १९४३ च्या डिसेंबरांत रिकामें करण्यांत आलें आणि गांवकऱ्यांस पुन्हां तेथें राहावयास जातां आलें नाहीं. टॉमसनें धरलेल्या राजरस्त्यांवर आज मोटारींचीच रहदारी आहे. त्याची वाट सायकलनें पुन्हां करूं पाहणारास त्याचीं गांवें घेतां येतील, रस्ते घेववणार नाहींत. कुंपणांमधल्या अरुंद गल्ल्यांनीं वळसे घेत जावें लागेल.

पुस्तकाचा शेवट क्वांटॉकच्या टेंकडीवर होतो. वाटेंत कोणीतरी टाकून गेलेलीं फुलें लेखकास दिसतात. तीं त्यानें स्वतः खुडलेलीं नाहींत. कोणा अनोळख्याच्या हातून पडलेलीं आहेत. तेवढ्या पुराव्यावर तो हिंवाळा मेला असें ठरवितो. अलीकडे निघालेल्या एका आवृत्तींत त्यानें या प्रवासांत स्वतः काढलेलीं छायाचित्रें घातलीं आहेत. तीं साधीं आहेत, कांहीं अंधुकही आहेत: रस्ते, झाडें, चर्चच्या भिंती. ज्यांना संधि मिळेल त्यांनीं तीच आवृत्ति मिळवून वाचावी, आणि वेसेक्सच्या कवींचें प्रकरण खुशाल गाळावें.